मेरुरज्जूचा आघात आणि माणसाचे मन

१९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, त्या वेळी जर्मन साम्राज्यात मोडणाऱ्या सायलेशिया प्रांतातील एका रुग्णालयात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा शुश्रूषकाचे काम करीत होता. एके दिवशी तेथे धडधाकट बांध्याचा एक तरुण खाणकामगार आणण्यात आला. कोळशाच्या खाणीत त्याचा पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालचा देह लुळा पडला होता. मुलगा त्याची हकिकत टिपून घेऊ लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, एवढे सविस्तर लिहिण्याचे श्रम घेऊ नकोस; हा काही आठवड्यांत मरणार आहे. रुग्णाची खाट पडद्याआड नेण्यात आली. सुमारे पाच आठवड्यांनी तो कामगार खरोखरच मरण पावला.

त्या मुलाचे नाव लुडविग गुटमन. पुढे तो मेंदू व मज्जातंतू यांच्या विकारांचा नामवंत वैद्य झाला. परंतु पडद्याआडची ती खाट तो कधीही विसरला नाही. वैद्यांनी केलेले भाकीत खरे ठरले होते हे निर्विवाद. प्रश्न असा होता की, तो कामगार मरणार होता म्हणून त्याला पडद्याआड नेले, की पडद्याआड नेले म्हणून तो मेला? मेरुरज्जूच्या आघातानंतर माणसाच्या मनाचे काय होते, याचा विचार करताना आजही याच प्रश्नापासून आरंभ करावा लागतो.

मेरुरज्जू म्हणजे काय?

मेंदूच्या तळापासून निघून पाठीच्या कण्यातील पोकळीतून कमरेच्या वरच्या भागापर्यंत उतरणारी मज्जातंतूंची जी दोरी, तिला मेरुरज्जू म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात तिची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असते आणि जाडी साधारणतः करंगळीएवढी असते. ३३ मणक्यांचा कणा हे तिचे संरक्षक कवच होय. या दोरीपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून सर्व शरीरभर पसरतात. मेंदूच्या आज्ञा या मार्गाने खाली जातात आणि स्पर्श, उष्णता, वेदना यांच्या वार्ता याच मार्गाने वर येतात.

उंचावरून पडणे, वाहनांचा अपघात, बंदुकीची गोळी अशा कारणांनी मणका मोडला किंवा जागेवरून सरकला आणि ही दोरी चिरडली गेली, म्हणजे ही दुहेरी वाहतूक त्या ठिकाणी खंडित होते. इजा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर झाली असेल, तर पाय लुळे पडतात. यास अधरांगघात म्हणतात. इजा मानेत झाली असेल, तर हातांची शक्तीही जाते किंवा क्षीण होते. पण चालता न येणे ही या आघाताची केवळ वरवर दिसणारी बाजू आहे. मूत्राशय व आतडी यांवरील ताबा, घाम येणे, रक्तदाबाचे नियमन, वैवाहिक जीवनाशी निगडित शरीरव्यापार या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. परंतु तुटलेले मेरुरज्जूतील तंतू पुन्हा पूर्ववत जोडून देणारा उपचार वैद्यकाला अद्याप साधलेला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्मृती, बुद्धी, प्रेम, विनोद, अभिमान आणि लज्जा यांचे स्थान असलेला मेंदू इजेच्या वर आहे. डोक्यालाही मार लागला नसेल, तर तो जसाच्या तसा असतो. आपले काय गेले याची त्या माणसाला पूर्ण जाणीव असते. काल शेतात नांगर धरणाऱ्या किंवा यंत्रावर उभे राहणाऱ्या माणसाला आज कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो, आणि हे तो उघड्या डोळ्यांनी पाहत असतो.

मरण कशाने येत असे?

प्राचीन इजिप्तमधील वैद्यकावरील एक गुंडाळी उपलब्ध आहे. तिची आज हाती असलेली प्रत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे. मानेचा मणका निखळलेल्या माणसाची लक्षणे तीत अचूक नोंदलेली आहेत. आणि हा विकार उपचार करण्याजोगा नाही, असा निर्णयही तेथे दिलेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा निर्णय जवळजवळ तसाच टिकून राहिला.

वस्तुतः बहुतेक रुग्णांना मृत्यू येई तो मेरुरज्जूच्या इजेने नव्हे, तर तिच्यामागून येणाऱ्या दोन विकारांनी. निरोगी मनुष्य झोपेतही कूस बदलत असतो, कारण दाबल्या गेलेल्या त्वचेची तक्रार त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचते. लुळ्या पडलेल्या देहाची तक्रार पोहोचत नाही. मग एकाच जागी दाब राहून कातडी मरते, जखम हाडापर्यंत खोल जाते आणि तिच्यात पू होतो. यास शय्याव्रण म्हणतात. दुसरीकडे मूत्राशय नीट रिकामे होत नाही. साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढतात. या दोहोंचे विष रक्तात भिनले, म्हणजे रुग्ण दगावे. दोन्ही विकार टाळता येण्याजोगे होते. परंतु जो मरणारच आहे, त्याची कूस दर दोन तासांनी बदलण्याचे कष्ट कोण घेणार?

स्टोक मँडेव्हिलचा प्रयोग

गुटमन ज्यू होते. १९३३ साली जर्मनीत नाझी राजवट आली, तेव्हा त्यांना आपले पद सोडावे लागले. काही वर्षे त्यांनी ब्रेस्लाउ येथील ज्यू रुग्णालयात काम केले आणि १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडच्या आश्रयास गेले. दुसऱ्या महायुद्धात कणा मोडलेल्या सैनिकांची संख्या वाढणार हे ओळखून ब्रिटिश सरकारने एल्सबरी गावाजवळील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात एक स्वतंत्र विभाग काढण्याचे ठरविले आणि त्याची सूत्रे गुटमन यांच्याकडे दिली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो विभाग सुरू झाला.

गुटमन यांनी पहिली गोष्ट केली ती ही की, रुग्णांना प्लॅस्टरच्या साच्यांतून बाहेर काढले. दर दोन तासांनी, रात्री आणि दिवसा, प्रत्येकाची कूस बदललीच पाहिजे असा दंडक त्यांनी घातला, आणि रात्री अवेळी ते स्वतः फेरी घालून तो पाळला जातो की नाही हे पाहत. मूत्राशयाची स्वच्छता त्यांनी निर्जंतुक पद्धतीने होईल असे केले. याच सुमारास सल्फा औषधे व पेनिसिलिन हातात आल्याने जंतुसंसर्गाशी लढणे सुकर झाले होते. माणसे जगू लागली.

माणसे जगू लागली आणि मग एक नवीन अडचण उभी राहिली. ज्यांनी मरणाची तयारी केलेली होती, त्यांना आता जगावयाचे होते, पण कशासाठी? देहाची जखम भरून आली होती, तरी दिवस मात्र रिकामा होता. छताकडे पाहत पडून राहणे हा काही जीवनक्रम नव्हे. गुटमन यांनी यावर योजलेला उपाय फार साधा होता. त्यांनी दिवस भरून टाकला. सकाळी ठरलेल्या वेळी उठणे, स्वतःचे कपडे स्वतः घालण्यास शिकणे, खाटेवरून चाकांच्या खुर्चीत उतरण्याचा सराव, नंतर रुग्णालयातच काढलेल्या कार्यशाळेत सुतारकाम, घड्याळदुरुस्ती किंवा टंकलेखन. काम हा विरंगुळा नसून उपचाराचाच भाग आहे, असे ते मानीत.

खेळांचा समावेशही याच हेतूने झाला. खुर्च्यांत बसून आखूड काठ्यांनी पोलो खेळण्याचा प्रयोग झाला. तो फार धसमुसळा ठरल्याने मागे पडला. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडन येथे ऑलिंपिक क्रीडासामन्यांचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर धनुर्विद्येचा एक सामना भरला. त्यात १४ पुरुष व २ स्त्रिया असे १६ स्पर्धक होते. धनुर्विद्येची निवड विचारपूर्वक झालेली होती. तिने दंड व पाठ बळकट होते. शिवाय बसलेला धनुर्धर उभ्या धनुर्धराशी बरोबरीने लढू शकतो. ज्याला आजवर इतरांनी केवळ उचलले, पुसले आणि भरविले, त्याच्याशी आता कोणीतरी स्पर्धा करू पाहत होते. १९५२ साली नेदरलँड्सचे खेळाडू त्यात सामील झाले. १९६० साली रोम येथे सुमारे ४०० स्पर्धक जमले. आजच्या पॅरालिंपिक सामन्यांचा उगम तो हाच.

दुःख आणि विषण्णता

मराठी भाषेत धीर सुटण्याला कंबर खचणे म्हणतात आणि मोठे संकट कोसळले की कंबरडे मोडले असे म्हणतात. भाषेने देहाचा कणा आणि मनाचे बळ यांची अशी सांगड घातली असल्यामुळे, ज्याचा कणा खरोखर मोडला त्याचे मनही त्याबरोबर मोडलेच असणार, असे आपण गृहीत धरतो. शास्त्रीय निरीक्षण मात्र निराळे सांगते.

इजेनंतरच्या पहिल्या दिवसांत भय, अविश्वास, संताप, रडू येणे, झोप न लागणे या गोष्टी अगदी स्वाभाविक आहेत. मोठी हानी झालेल्या कोणाही माणसाचा तो शोक होय. हा शोक लाटांसारखा येतो आणि जातो. दुःखी माणूस मध्येच हसतो, मुलांची चौकशी करतो, आवडीचा पदार्थ मागतो. विषण्णता, जिला आज सर्रास नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात, ती याहून वेगळी. तीत सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहते, कशातही रस वाटत नाही, स्वतःविषयी अपराधी किंवा कवडीमोल वाटू लागते, एकाग्रता नाहीशी होते आणि कधी कधी जीव नकोसा होतो. शोक ही मनाची जखम भरून येण्याची क्रिया आहे. विषण्णता हा उपचार करावयाचा विकार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, मेरुरज्जूची इजा झालेल्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांत विषण्णतेची दखल घेण्याजोगी लक्षणे आढळतात. हे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरेच अधिक आहे आणि ते कोणत्याही समाजाला स्वस्थ बसू देणारे नाही. परंतु त्याच आकड्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. शंभरांपैकी सत्तर ते ऐंशी जणांत ती आढळत नाही. २०१२ साली जॉर्ज बोनानो व त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांचा इजेपासून दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत आरंभापासून अखेरपर्यंत विषण्णता अल्पच राहिल्याचे दिसून आले. काहींची सुरुवातीची विषण्णता कालांतराने ओसरली. काहींची मात्र उशिरा सुरू झाली. सर्वांना एकच वाट चालावी लागते असे नाही.

धडधाकट माणसाचा अंदाज

या बाबतीत धडधाकट माणसाचा अंदाज किती चुकतो, हे दाखविणारी दोन निरीक्षणे प्रसिद्ध आहेत.

१९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन व त्यांचे दोन सहकारी यांनी लॉटरीत मोठी रक्कम मिळालेल्या २२ व्यक्ती, अपघाताने गेल्या वर्षभरात पंगू झालेल्या २९ व्यक्ती आणि तुलनेसाठी २२ सामान्य व्यक्ती यांना, ‘आपण किती सुखी आहात?’ असे विचारले. शून्य ते पाच अशा मापावर लॉटरीवाल्यांची सरासरी ४.००, सामान्यांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६ आली. अपघातग्रस्त इतरांहून कमी सुखी होते, हे खरे; परंतु मापाचा मध्यबिंदू २.५ आहे आणि ते त्याच्या वर होते. मित्राशी गप्पा मारणे, न्याहारी करणे अशा रोजच्या गोष्टींत मिळणाऱ्या आनंदाच्या बाबतीत तर ते लॉटरीवाल्यांच्या मागे नव्हते.

दुसरे निरीक्षण १९९४ सालचे आहे. अमेरिकेतच तातडीच्या उपचार-विभागांत काम करणाऱ्या वैद्य, परिचारिका इत्यादींना विचारण्यात आले की, तुमच्यावर मेरुरज्जूचा असा गंभीर आघात झाला, तर जिवंत राहिल्याबद्दल तुम्हांला समाधान वाटेल काय? केवळ १८ टक्क्यांनी होकार दिला. ज्यांना असा आघात प्रत्यक्ष झालेला होता, त्यांच्यापैकी ९२ टक्के जणांनी आपण जिवंत असल्याबद्दल समाधान व्यक्त केले. रोज असे रुग्ण हाताळणाऱ्या जाणत्या माणसांचा अंदाज जर इतका चुकतो, तर इतरांची काय कथा?

यावरून असा निष्कर्ष मात्र काढू नये की, कालांतराने सर्व जखमा आपोआप भरतात. पुढील संशोधनाने दाखविले आहे की, दीर्घकाळच्या अपंगत्वानंतर जीवनाविषयीचे समाधान पुष्कळांच्या बाबतीत पूर्वीच्या पातळीवर पूर्णपणे परतत नाही. हानी खरी असते. चूक असते ती, हानी म्हणजेच जीवनाचा शेवट असे धरून चालण्यात.

दोन चुका

या चुकीच्या समजुतीतून परस्परविरुद्ध दिसणाऱ्या दोन चुका जन्मास येतात.

पहिली चूक अशी : ‘त्याचे पाय गेले, तो उदास राहणारच.’ असे म्हणून विषण्णतेकडे दुर्लक्ष केले जाते. झोप न येणे, थकवा, भूक मंदावणे, वजन घटणे ही विषण्णतेची लक्षणे इजेमुळे किंवा रुग्णालयातील वास्तव्यामुळेही उद्भवतात. त्यामुळे ती ओळखणे वैद्यांनाही अवघड जाते. मन उदास आहे काय, आणि पूर्वी ज्यात रस होता त्यात तो उरला आहे काय, हे दोन प्रश्न म्हणूनच आवर्जून विचारावे लागतात.

दुसरी चूक याच्या उलट : ‘त्याने शोक केलाच पाहिजे, करीत नसेल तर तो स्वतःला फसवीत आहे.’ आधी नकार, मग संताप, मग विषण्णता आणि शेवटी स्वीकार, अशा ठरीव पायऱ्या प्रत्येकाला चढाव्याच लागतात, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. रोबर्टा ट्रीशमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली मेरुरज्जूच्या इजेवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, या पायऱ्यांना निरीक्षणाचा भक्कम आधार नाही. हसणाऱ्या रुग्णाला रडावयास लावणे हा उपचार नव्हे.

दोन्ही चुकांचे मूळ एकच. त्या माणसाला काय वाटत असावे, हे इतरांनी त्याला न विचारताच ठरवून टाकलेले असते. कापडाचा पडदा रुग्णालयातून गेला, तरी असा न दिसणारा पडदा अजून पुष्कळ खाटांभोवती आहे.

मनाचे बळ कशावर अवलंबून असते?

इजा जितकी वरची, तितकी विषण्णता अधिक, असे सरळ प्रमाण संशोधनात आढळत नाही. मान मोडलेला एखादा मनुष्य उमेदीने जगतो आणि कमरेत इजा झालेला एखादा खचून जातो. हा फरक केवळ स्वभावाचा नसतो. त्याची काही कारणे शोधून काढता आलेली आहेत आणि त्यांतील बरीचशी बदलता येण्याजोगी आहेत.

पहिले कारण वेदना. ज्या पायात टाचणी टोचलेली कळत नाही, त्याच पायात आग झाल्यासारखी किंवा विजेचा झटका बसल्यासारखी तीव्र वेदना अनेकांना होते. ती काल्पनिक नव्हे. तुटलेल्या मज्जातंतुमार्गातून ती उद्भवते. रोजची वेदना झोप नेते आणि गेलेली झोप उमेद नेते. दुसरे कारण वारंवार उद्भवणारे शय्याव्रण व मूत्रविकार. त्यांच्यापायी माणूस पुन्हा पुन्हा खाटेला खिळतो. लोकांत असताना वस्त्र ओले होईल या धास्तीने कित्येक जण घराबाहेर पडणेच सोडून देतात. मूत्राशय ठराविक वेळी नळीने रिकामे करण्याचे तंत्र शिकविले, तर ही धास्ती मोठ्या अंशाने दूर होते. तिसरे कारण काम व मिळकत. चौथे, सोबत.

आणि पाचवे कारण घराच्या दारातच असते. ते म्हणजे उंबरठा. चाकांच्या खुर्चीला पंधरा सेंटिमीटरांची एक पायरी ही भिंतच होय. उतरणीचा प्रचलित दंडक एकास बारा असा आहे. म्हणजे पंधरा सेंटिमीटरांच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीची उतरण लागते. शाळकरी मुलालाही सोडविता येईल असे हे गणित आहे. परंतु ते सोडविले न गेल्यामुळे माणसे वर्षानुवर्षे एका खोलीत राहतात, आणि मग ती अबोल झाली की आपण त्यांच्या मनाला दोष देतो.

भारतातील काही उदाहरणे

भारतात झाडावरून, गच्चीवरून किंवा बांधकामाच्या परातीवरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही या इजेची प्रमुख कारणे आहेत. इजा होणाऱ्यांत कमावत्या वयाचे पुरुष अधिक असतात. म्हणून एकाच्या इजेने साऱ्या घराचा आधार डळमळतो. सेवेचा भार बहुधा पत्नीवर किंवा आईवर पडतो. तिची झोप, तिची पाठदुखी आणि तिची उदासी यांची नोंद क्वचितच कोठे होते. या आघाताच्या मानसिक परिणामांत तिचाही विचार केला पाहिजे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार-अपघातात अधरांगघात झाला. शस्त्रक्रियेचे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच आपले आयुष्य संपले, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवरील शस्त्रक्रिया बसूनही करता येते, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांच्या लक्षात आणून दिले. आणि त्यांनी खुर्चीत बसून ते काम केले. पुढे ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे जाऊन त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले. १९६६ साली त्यांच्या प्रयत्नाने वेल्लोर येथे अशा रुग्णांसाठी पुनर्वसन-संस्था उभी राहिली.

१९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धात दोन सैनिकांचे कणे गोळ्यांनी जायबंदी झाले. त्यांपैकी एक सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. पाय लुळे पडल्यावर उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक सामन्यांत ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या सामन्यांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. दुसरे मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया. २९ मे १९६५ रोजी त्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले होते. त्याच वर्षी मानेला गोळी लागून ते खुर्चीत बसले. त्यांच्यावर स्टोक मँडेव्हिल येथेही उपचार झाले, आणि पुढे त्यांच्या पुढाकाराने नवी दिल्ली येथे मेरुरज्जूच्या इजांसाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले.

ही उदाहरणे स्फूर्तिदायक आहेत. परंतु त्यांचा उपयोग जपून करावा. प्रत्येक जखमी माणसापुढे सुवर्णपदकाचे माप धरणे हाही एक अन्यायच आहे. या तिघांच्या कहाण्यांत जे समान आहे, ते असामान्य धैर्य एवढेच नव्हे. प्रत्येकाला वेळेवर उपचार मिळाले, प्रत्येकाच्या हातांना काम मिळाले आणि ‘तुझ्याकडून अजून अपेक्षा आहे’ असे कृतीने सांगणारे कोणीतरी भेटले. ज्याला या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत, त्याच्या धैर्याची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाला?

उपचार आणि आपले कर्तव्य

विषण्णता हा बरा होणारा विकार आहे. प्रशिक्षित मानसोपचारकाशी नियमित संभाषण, खचलेल्या विचारांची छाननी, दिवसाकाठी एक तरी आवडीचे काम ठरवून करणे आणि जरूर तेव्हा वैद्याच्या सल्ल्याने औषध, हे त्याचे मार्ग होत. विषण्णतेवरील काही औषधे मज्जातंतूजन्य वेदनेवरही दिली जातात. ज्याने स्वतः ही वाट चाललेली आहे, अशा माणसाची भेट पुष्कळदा फार उपयोगी पडते. खाटेवरून खुर्चीत कसे उतरावे येथपासून लग्नसमारंभास कसे जावे येथपर्यंतचे ज्ञान त्याच्याजवळ असते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे न सोडता वैद्याकडे न्यावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य साहाय्य मिळते.

कायदाही आता पाठीशी आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना प्रवेशयोग्य असाव्यात असे सांगतो, तर २०१७च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मनाच्या विकारांवरील उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. परंतु कायदा घरोघरच्या उंबरठ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. शाळेने आपली एक पायरी काढून उतरण बांधली, ग्रंथालयाने आपले एक दार रुंद केले, शेजाऱ्याने सल्ला देण्याऐवजी ‘आज काय करावयाचे?’ एवढेच विचारले, तर त्याचे मोल एखाद्या औषधाइतकेच आहे.

१९१७ साली त्या खाणकामगाराची हकिकत लिहून घेण्याचे श्रम कोणाला नको होते. आज वैद्यकाजवळ त्याला वाचविण्याचे ज्ञान आहे. तुटलेली दोरी जोडण्याची विद्या उद्या येईल तेव्हा येवो; खाटेभोवतीचा पडदा बाजूस सारून त्या माणसाची हकिकत ऐकून घेणे आजच आपल्या हाती आहे.